मुरलेली की रंगवलेली? स्वस्त टकीलाचा हिशोब

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की काल्हेर लागतं. एकीकडे गोदामं, दुसरीकडे ठाण्यात घर परवडत नाही म्हणून इकडे आलेल्या नोकरदारांच्या सोसायट्या आणि रस्त्याच्या मधोमध ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब. या वस्तीत थर्टीफर्स्टला किंवा हळदीच्या रात्री आतापर्यंत रमचा खंबा आणि बिअरचे क्रेट येत असत. हल्ली त्यांच्या शेजारी टकीलाची बाटली दिसू लागली आहे. ती आणायला गेलेला माणूस वाईन शॉपच्या काउंटरवर अडतो, कारण समोर पांढरी, सोनेरी, ‘रेपोसादो’ आणि ‘आन्येहो’ अशा बाटल्या ओळीने उभ्या असतात. पांढरीपेक्षा सोनेरी बरी, सोनेरीपेक्षा ‘जुनी’ बरी, असं त्याला वाटतं. त्यात जुनी म्हणवणारी एखादी बाटली खिशाला परवडण्यासारखी निघाली, तर लॉटरीच लागली म्हणायची.

खरंच लागते का? स्वस्तातली मुरवलेली टकीला घेण्याजोगी असते का? याचं उत्तर चवीत आहे, तेवढंच मेक्सिकोच्या कायद्यात, आपल्या सीमाशुल्कात आणि दख्खनच्या बांधावरच्या घायपातातही आहे.

जुनी म्हणजे किती जुनी

टकीला हे नाव वापरायचा हक्क फक्त मेक्सिकोचा आहे, आणि तोही हालिस्को राज्याचा व इतर चार राज्यांतल्या ठराविक भागांचा. हे संरक्षण १९७४ पासूनचं. निळी वेबर अगावे ही घायपाताच्या कुळातली एकच जात त्यासाठी चालते. ती काढणीला यायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. पाती छाटून उरलेला गड्डा भाजायचा किंवा वाफवायचा, पिळून रस काढायचा, तो आंबवायचा आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचं, की पांढरी टकीला म्हणजे ‘ब्लांको’ तयार होते.

पुढे ती लाकडात ठेवली की दर्जाची नावं बदलतात. किमान दोन महिने ठेवली तर रेपोसादो. किमान एक वर्ष, तेही सहाशे लिटरपेक्षा मोठं नसलेल्या पिंपात ठेवली तर आन्येहो. तीन वर्षं झाली तर ‘एक्स्ट्रा आन्येहो’. हा वर्ग २००६ मध्ये आला.

यातली मेख रेपोसादोच्या व्याख्येत आहे. दोन महिन्यांची अट आहे, पण पिंपाच्या आकाराची अट नाही. हजारो लिटरच्या भल्यामोठ्या लाकडी टाकीत साठ दिवस काढलेली दारूही रेपोसादोच. टाकी जितकी मोठी, तितका दारूचा लाकडाशी संबंध कमी. त्यामुळे लेबलवर एकच शब्द असलेल्या दोन बाटल्यांपैकी एक दहा महिने छोट्या पिंपात मुरलेली असू शकते आणि दुसरी टाकीत जेमतेम मुक्काम करून आलेली. स्वस्त बाटली बहुधा दुसऱ्या वाटेने आलेली असते, कारण लहान पिंप म्हणजे जास्त पिंपं, जास्त जागा, जास्त माणसं आणि जास्त बाष्पीभवन.

बाष्पीभवनाचा खर्च थोडाथोडका नसतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली दारू वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जाते. बंगळुरूच्या ‘अमृत’ व्हिस्कीवाल्यांच्या पिंपांतून वर्षाला दहा-बारा टक्के जाते. उष्ण हवेत दारू लवकर मुरते आणि लवकर आटतेही. म्हणून टकीलाचं एक वर्ष आणि स्कॉचचं एक वर्ष एकाच मापाने मोजू नये. बारा वर्षांच्या स्कॉचची सवय असलेल्याला एका वर्षाची आन्येहो कोवळी वाटते, पण टकीलाच्या जगात ते पुरेसं वय आहे. तीन-चार वर्षांनंतर लाकूड अगावेवर इतकं चढतं की टकीला पितोय की बर्बन, हे कळेनासं होतं.

एकावन्न टक्क्यांची गोष्ट

वयापेक्षा मोठा प्रश्न कच्च्या मालाचा. कायद्याने टकीलाचे दोन प्रकार आहेत. एकात आंबवलेली सगळी साखर अगावेची, आणि बाटलीवर तसं ‘१०० टक्के अगावे’ लिहिलेलं. दुसऱ्यात किमान ५१ टक्के साखर अगावेची आणि उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत दुसऱ्या कशाचीही, बहुधा उसाची किंवा मक्याच्या पाकाची. या दुसऱ्या प्रकाराला जाणकार ‘मिक्स्टो’ म्हणतात. लेबलवर मात्र तो शब्द नसतो, नुसतं ‘टकीला’ असतं. म्हणजे ‘१०० टक्के’ दिसलं नाही तर मिक्स्टो समजायचं.

होसे कुएर्वोची ‘एस्पेशल’, लाल टोपीची साधी ‘सिएरा’, ‘ओल्मेका’, ‘कॅमिनो’ या आपल्याकडच्या ओळखीच्या बाटल्या याच गटातल्या. ‘पात्रोन’, ‘डॉन हुलिओ’, ‘१८००’, ‘एस्पोलोन’, ‘एल हिमादोर’ या शंभर टक्केवाल्या.

उसाच्या मुलखातल्या माणसाने इथे जरा थांबावं. आपल्या साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क निघतो आणि देशी ‘विदेशी’ दारूचा बराचसा व्यवहार त्याच्यावर चालतो. मिक्स्टोत निम्म्याहून थोडा कमी भाग उसाच्याच साखरेचा असू शकतो. म्हणजे आपण उसाचाच मद्यार्क सातासमुद्रापलीकडून दीडशे टक्के शुल्क भरून आणवतो, आणि वर तो ‘मुरलेला’ आहे म्हणून खूश होतो. मिक्स्टो वाईटच असते असं नाही. मार्गारीटात, लिंबू-साखर-बर्फाच्या गर्दीत ती निभावून जाते. पण तिला पिंपात ठेवून अगावेची खोली येत नाही, कारण खोली यायला मुळात अगावे कमी आहे.

रंग लाकडाचा की डब्यातला

आता सोनेरी रंग. मेक्सिकोचा नियम टकीलात चार गोष्टी घालू देतो: कॅरेमल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. वजनाच्या एक टक्क्यापर्यंत त्या घातल्या तर लेबलवर लिहायची सक्ती नाही. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण कॅरेमलचे काही थेंब पाण्यासारख्या दारूला मधाचा रंग देतात, आणि ग्लिसरीन पातळ दारूला जिभेवर भरदार करतं.

‘गोल्ड’ म्हणून विकली जाणारी टकीला तर सहसा वयाचा दावाच करत नाही. ती न मुरवलेल्या टकीलाला रंग-चव देऊन किंवा तीत थोडी मुरलेली मिसळून केलेली असते. गिऱ्हाईक रंगावरून वय ठरवतं आणि कंपनीला त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही. हल्ली ‘काहीही न मिसळलेली’ अशी जाहिरात करणाऱ्या उत्पादकांची एक फळी उभी राहिली आहे, आणि असा दावा कुणी प्रमाणित करायचा यावरून त्यांचं व टकीला नियामक परिषदेचं जुंपलं आहे. ही परिषद १९९४ पासून टकीलावर देखरेख करते. ग्राहकाने त्यातून घ्यायचा धडा एवढाच: गडद रंग हा वयाचा पुरावा नाही. खऱ्या रेपोसादोचा रंग बऱ्याचदा वाळक्या गवताइतका फिका असतो.

पैसे जातात कुठे

आपल्याकडे ‘स्वस्त टकीला’ हा शब्दप्रयोगच मुळात लंगडा आहे. आयात मद्यावर केंद्राचं सीमाशुल्क व उपकर मिळून दीडशे टक्के बसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनला यातून सूट मिळाली आणि ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचला. टकीलाच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. समजा, बंदरात उतरताना एका बाटलीची किंमत सहाशे रुपये आहे. सीमाशुल्कानंतर ती पंधराशेची होते. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, आयातदार, घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांचे वाटे चढतात. काउंटरवर मोजलेल्या पैशांतला फार छोटा भाग मेक्सिकोतल्या शेतापर्यंत आणि पिंपापर्यंत पोचतो.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवताना १८० मिलीच्या किमान किरकोळ किमती ठरवून दिल्या: देशी दारू ८० रुपये, नव्याने आणलेलं धान्यापासूनचं ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ आणि प्रीमियम विदेशी मद्य ३६०. शेवटचा आकडा ७५० मिलीला लावला तर पंधराशे रुपये होतात. म्हणून कुणी ओळखीचा ‘इम्पोर्टेड माल आहे, हजारात देतो’ म्हणाला, तर तो एकतर चोरटा आहे किंवा बाटलीत दुसरंच काही आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती स्वस्ताईच्याच पोटी. आयात बाटल्यांच्या रिकाम्या काचेला भंगारात बरा भाव का मिळतो, याचाही विचार करावा.

कायदेशीर बचतीचा एक मार्ग ड्यूटी फ्रीचा. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. मुंबई विमानतळावर उतरणारा भाचा किंवा भावजी असेल तर हीच संधी, आणि ती मिक्स्टोवर वाया घालवू नये. गोव्याचा मार्ग मात्र तसा नाही. गोव्याची करसवलतीची बाटली महाराष्ट्रात आणणं इथल्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याची माणसं डिकी उघडून बघतात. शिवाय आपल्या राज्यात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो, हे काल्हेरच्या सोसायटीतही लागू आहे.

बांधावरची अगावे

मेक्सिकोची बाटली इतकी महाग, तर घरची? अगावे आपल्याला परकी नाही. शेताच्या बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला कुंपण म्हणून लावलेलं काटेरी घायपात महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे, त्याच्या वाखाचे दोर वळले आहेत. दख्खनच्या पठारावर वाढणारी ‘अगावे अमेरिकाना’ ही जात टकीलाला चालत नाही, पण तिच्यापासून मेक्सिकोतच मेस्कल हे मद्य बनतं.

हे ओळखून डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात कारखाना उभा केला आणि २०११ मध्ये ‘डेस्मंडजी’ नावाने भारतीय अगावेचं मद्य गोव्याच्या बाजारात आणलं. त्यांनी १०० टक्के आणि ५१ टक्के हे दोन्ही प्रकार तसे स्पष्ट लिहून विकले. मेक्सिकोची मिक्स्टो जे सांगत नाही, ते त्यांनी लेबलवर ठळक छापलं. नंतर पासकोड हॉस्पिटॅलिटीची ‘पिस्टोला’ आली. तिच्यात रेपोसादो आणि आन्येहोही आहेत. यांना टकीला म्हणता येत नाही, ‘अगावे स्पिरिट’ म्हणावं लागतं.

चवीला ही मद्यं टकीलाची नक्कल नाहीत. जात वेगळी, माती वेगळी, आणि गवती-मिरमिरीत स्वभाव जास्त. पण हिशोबात ती जिंकतात, कारण यांच्यावर सीमाशुल्क नाही. तुमच्या रुपयातला मोठा भाग मालावर आणि पिंपावर खर्च होतो. आपल्या हवेत पिंपातली दारू झपाट्याने मुरते, त्यामुळे कमी महिन्यांत लाकूड बोलू लागतं. परवडणाऱ्या किमतीत खरोखर मुरलेलं अगावेचं मद्य हवं असेल, तर मेक्सिकोच्या तळच्या फळीपेक्षा इथे शोधावं.

ओल्ड मंकची मोजपट्टी

स्वस्त आणि मुरलेली या जोडीबद्दल आपल्या मनात जी श्रद्धा आहे, तिचं मूळ एका बुटक्या, खडबडीत काचेच्या बाटलीत आहे. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४ मध्ये आली आणि ‘सात वर्षं जुनी’ हे शब्द मिरवत देशभर पोचली. कॉलेजच्या पोराला परवडणारी, तरी वय सांगणारी. त्यामुळे ‘स्वस्तातही जुनं मिळतं’ हे आपण गृहीत धरून चालतो.

पण रम आणि टकीला यांचं अर्थशास्त्र वेगळं आहे. रमचा कच्चा माल म्हणजे मळी, साखर कारखान्याचं उपउत्पादन, दर गळीत हंगामात हजर. अगावे लावल्यापासून हाती यायला सहा-आठ वर्षं लागतात, आणि एक लिटर शंभर टक्के टकीलाला सहा-सात किलो गड्डा लागतो. अगावेचा भावही कांद्यासारखा झोके खातो. टंचाईत शेतकरी भरमसाट लावतात, काही वर्षांनी एकदम पीक येतं आणि भाव कोसळतो. गेल्या काही वर्षांत मेक्सिकोत हेच घडलं, तीस पेसो किलोच्या आसपास गेलेली अगावे नंतर मातीमोल झाली. म्हणजे पुढच्या काळात चांगली शंभर टक्के टकीला स्वस्त व्हायला वाव आहे. आपल्या दुकानात त्यातलं किती उतरेल, हे मात्र कर ठरवतो.

म्हणून मोजपट्टी अशी ठेवावी: तुमच्या हातातली मुरवलेली मिक्स्टो त्याच पैशांतल्या रमपेक्षा नीट प्यायला चांगली आहे का? बहुतेक वेळा नाही. गोडवा, व्हॅनिला, लाकूड हेच हवं असेल तर रम ते तिच्यापेक्षा स्वस्तात आणि सहज देते.

बाटली हातात घेऊन

दुकानदाराला घाई असते, मागे रांग असते. तेवढ्यात चार गोष्टी बघता येतात. पहिली, ‘१०० टक्के अगावे’ हे शब्द आहेत का. दुसरी, ‘एनओएम’ ही अक्षरं आणि शेजारचा चार आकडी क्रमांक. तो कारखान्याचा असतो, ब्रँडचा नव्हे. कुएर्वो एस्पेशलवर आणि १८०० वरही ११२२ दिसतो, कारण दोन्ही एकाच घरच्या. म्हणजे क्रमांक दर्जाची हमी देत नाही, पण माल कुठून आला ते सांगतो, आणि क्रमांकच नसेल तर बाटली परत ठेवावी. तिसरी, बाटली कुठे भरली. शंभर टक्के टकीला तिच्या ठरलेल्या प्रदेशातच भरावी लागते. मिक्स्टो टँकरने परदेशी जाऊन तिकडे बाटलीत भरली तरी चालते. चौथी, आयातदाराचं स्टिकर, एमआरपी आणि शाबूत सील.

‘आन्येहो’ लिहिलेलं आहे पण ‘१०० टक्के’ लिहिलेलं नाही, अशी बाटली सगळ्यांत फसवी. तिच्यात वर्षाचे पैसे मोजले जातात आणि अगावे निम्मी मिळते.

घरी आल्यावर मीठ-लिंबू बाजूला ठेवा. ती जोडी वाईट टकीला घशाखाली ढकलायला बरी, ओळखायला नाही. छोट्या ग्लासात तीस मिली ओता, पाच मिनिटं तशीच राहू द्या आणि मग नाक जवळ न्या. चांगल्या रेपोसादोत आधी शिजलेल्या अगावेचा वास येतो, चुलीत भाजलेल्या रताळ्यासारखा, मग मिरी, आणि त्यामागे लाकूड. पहिल्याच श्वासाला केक-आइस्क्रीमसारखा व्हॅनिला अंगावर आला आणि मागे स्पिरिटची झणझण राहिली, तर लाकडापेक्षा अर्काचा संशय घ्यावा. दोन थेंब तळहातावर चोळून वाळू द्या. चिकट राहिलं तर पाक असण्याची शक्यता. हा घरगुती अंदाज आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. मग चमचाभर पाणी घालून एक घोट घ्या. मुरलेली दारू पाण्याने खुलते, रंगवलेली विस्कटते. रिकामा ग्लास रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी हुंगला तर खऱ्या पिंपाचा वास त्यात टिकलेला असतो.

आणखी एक गैरसमज: बाटली कपाटात ठेवून जुनी होत नाही. मुरणं पिंपात होतं, काचेत नाही. काल्हेरच्या मे महिन्यातल्या उकाड्यात अर्धी रिकामी बाटली वर्षभर ठेवली तर तिचा वासच उडून जातो.

मग घ्यावी का?

मार्गारीटासाठी हवी असेल तर मुरवलेली घेऊच नका. शंभर टक्के ब्लांको घ्या, आणि तेवढं बजेट नसेल तर पांढरी मिक्स्टो चालेल. रंगाचे जास्तीचे पैसे लिंबाच्या रसात बुडवण्यात अर्थ नाही. नुसती प्यायची असेल तर शंभर टक्के रेपोसादो ही खालची मर्यादा समजा आणि तिच्याखाली उतरू नका. ती महाग वाटली तर भारतीय अगावेची मुरवलेली बाटली बघा, आणि तीही बजेटबाहेर असेल तर सरळ रम घ्या. स्वस्त आन्येहो फक्त एकाच परिस्थितीत घ्यावी: शंभर टक्के अगावेची आहे, ड्यूटी फ्रीतून आली आहे, आणि स्वस्त आहे ती करामुळे, मालामुळे नव्हे.

दारूचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा प्यायचीच असेल तर कमी प्यावी, आणि कमीच प्यायची तर वाचलेल्या पैशांत चांगली आणावी. स्वस्त बाटलीत वय आणि अगावे दोन्ही मावत नाहीत. निवडायची वेळ आली तर अगावे निवडा.